कोकडा, कोळी आणि राहिलेली तूर

आमच्या गच्चीवर मिरचीच्या अकरा कुंड्या होत्या. आता सात आहेत. बाकीच्या चारांचं काय झालं हे सांगायला लागले की गोष्ट नांदेडहून निघते ती थेट औशापर्यंत जाते, त्यामुळे घाईत असाल तर चहा झाल्यावर वाचा. औशाकडच्या मंडळींनी मात्र पहिलं पान वाचून लगेच फोन करू नये. आधी शेवटपर्यंत वाचावं. :-)

तर मागच्या वर्षी गणपती उठले आणि मिरचीच्या शेंड्याची पानं आकसायला लागली. आधी एका कुंडीत, मग शेजारच्या तीन कुंड्यांत. नवी पानं बारीक, कडक, कसलीशी मलूल. दूधवाला एकदा वर आला होता, त्यानं लांबूनच बघून 'कोकडा हाय' म्हणून सांगितलं. समोरच्या आजींनीही तेच सांगितलं. भावजयीनं फोटो बघून तेच सांगितलं. आमच्या घरात एवढं एकमत कशावरच होत नाही.

नाव मिळालं म्हटल्यावर औषध मिळायला कितीसा वेळ? मोंढ्यातल्या एका दुकानात गेले आणि 'मिरचीवर कोकडा आलाय' म्हणाले. कुंडीतली मिरची आहे की दोन एकरातली, पान कसं दिसतंय, याआधी काय मारलंय, काहीही न विचारता समोर बाटली आली. मी तीन आठवड्यांत तीन वेळा फवारलं. चार झाडं गेली आणि उरलेल्यांची पानं आणखी आवळली. मी दुकानाला, मातीला, पाण्याला, शेवटी रोपवाटिकेवाल्याला नावं ठेवून मोकळी झाले.

दिवाळीच्या आधी काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला आली. लातुरात डोळ्यांचे डॉक्टर काही कमी नाहीत, पण तिला माझ्याकडे राहायचं होतं आणि मलाही ती हवी होती. काळा चष्मा लावून आठवडाभर बसली आणि मग कंटाळून गच्चीवर आली. तिनं मिरचीचं पान तोडलं, उलटं केलं, तळहातावर ठेवलं.

"कोकडा, कोकडा काय करायलीस माय? पान खाली वळलंय की वर, ते बगितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

काकूला कारण सांगता येत नव्हतं, फक्त 'ह्ये दोन येगळे असतेत' एवढंच तिला ठाऊक होतं. कारण मी मग परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीत आणि इकडे तिकडे शोधून काढलं. ते इथे लिहिते, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या बाल्कनीत मिरची आहे हे मला ठाऊक आहे.

पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर ते काम बहुतेक फुलकिड्यांचं. पान खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखं झालं असेल आणि देठ उंदराच्या शेपटीसारखं लांबलेलं असेल, तर तो पिवळा कोळी. आणि पानं बारीक, शिरा जाड, झाड झुडपासारखं बुटकं, असं असेल तर तो विषाणू, जो पांढरी माशी आणून सोडते. तीन वेगळे गुन्हेगार, आणि आपण तिघांना मिळून एकच नाव दिलंय. कोकडा. कुठे बोकड्या म्हणतात, कुठे चुरडा-मुरडा. नाव बदलतं, घोटाळा तोच राहतो.

कोळी म्हटल्यावर माझ्या भाचीला आधी होडीतला नाखवा आठवला, मग भिंतीवरचा कोळी. हा तिसरा. हाही किडा नाही, म्हणजे सहा पायांचा कीटक नाही. विंचू, भिंतीवरचा कोळी, बैलाच्या कानातली गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा. खरूज ज्याच्यामुळे होते तोही ह्याचाच भाऊबंद. आणि हा फरक काही पुस्तकी नाही. कीटकांसाठी बनवलेली कित्येक औषधं कोळ्याला लागूच होत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारली की कोळ्याला खाणारे दुसरे कोळी आणि ढालकिडे मरतात, आणि हा मागे मोकळा सुटतो. माझ्या बाटलीवरचं नाव मी नंतर चष्मा लावून वाचलं. पायरेथ्रॉइडच होतं. म्हणजे तीन आठवडे मी माझ्या मिरचीवरच्या कोळ्यांचा पहारा उठवत होते!

वजिराबादेतून घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं. पिवळा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दिसतं ते त्यानं केलेलं नुकसान. शेंड्याच्या कोवळ्या पानाखाली भिंग धरल्यावर आधी काहीच कळलं नाही. मग एक ठिपका चालायला लागला. ह्याचं एक वाचून मला मोठी गंमत वाटली. नर मादीला ती वयात यायच्या आधीच पाठीवर घेऊन नव्या पानावर जातो, आणि कधी कधी हे कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला धरून दुसऱ्या झाडावर उतरतात. फुकट एसटी.

गुलाबावरचा लाल कोळी ह्याच्यापेक्षा मोठा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याला शोधायला भिंगही लागत नाही. पानावर बारीक बारीक फिकट ठिपके, पान धुळकट पितळी, पानाखाली जाळी. पांढरा कागद खाली धरून पान दोनदा झटकायचं. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली की समजायचं. बोटानं चिरडली तर तांबूस ओरखडा उमटतो. उन्हाळ्यात हा फोफावतो, ३० अंशांच्या आसपास आठवडाभरात अंड्यापासून मोठा होतो, आणि आपल्याकडे मार्च ते जून ३० अंश म्हणजे सकाळचं तापमान. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या माहेरच्या अंगणातल्या गुलाबाला ह्यानं पार जाळ्यात गुंडाळून टाकलं होतं. आईला वाटलं पाण्यावाचून वाळला. दोन्ही खरं होतं. धूळ आणि कोरड हे त्याचं सुख. पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा दिला की अर्धे कोळी वाहून जातात, पण त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, गुलाबाला कुठून देणार.

(अमेरिकेतल्या आतेभावानं विचारलंय की लॉनवरही हे येतात का. येतात. तुझ्याकडे वसंतात गवतावर रुपेरी डाग पडत असतील आणि भिंतीवरून घरात लाल ठिपके चालत येत असतील, तर पुढचे दोन पाय अंगाएवढे लांब आहेत का बघ. तो क्लोव्हर माइट, थंडीतला गडी आहे. आपल्या हरळीवरही एक कोळी असतो, तो पेरं आखूड करून गवताचे झाडूसारखे झुपके करतो. बाकी नांदेड-लातुरात लॉन म्हणजे लग्नाचं ठिकाण. तिथल्या गवताचं काय होतं ते वऱ्हाडी करतात, कोळी नव्हे.)

असो. मिरचीचं पुढे सोपं होतं. शेंडे खुडून जाळले, पाण्यात मिसळायचं गंधक डब्यावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारलं, नंतर निंबोळी अर्क. पूर्वी ह्यासाठी सगळे डायकोफॉल आणायचे, डीडीटीपासून बनणारं. २०२३ साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली, तरी जुन्या सवयीनं कुणी सुचवलंच तर घेऊ नका. सात झाडं वाचली.

इथे पोस्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण त्याच आठवड्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या तुरीला फुलंच नव्हती. सगळ्या शिवारात तूर पिवळी झालेली आणि ह्याच्या विहिरीकडच्या पट्ट्यात झाडं हिरवीगार, दाट, पानं बारीक. त्यानं सप्टेंबरपासून फवारे सुरू केले होते. आधी अळीचं, मग बुरशीचं, मग फुलं लागायचं टॉनिक, मग तिन्ही एकाच टाकीत. दुकानातून जे सांगितलं ते. तोंडाला साधा रुमाल. चौथ्या फवारणीनंतर बांधावरच चक्कर येऊन पडला. उलट्या, घाम, एक रात्र सलाईनवर. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, हे आम्ही पेपरात वाचून हळहळलो होतो. आपल्या घरात तीच टाकी पाठीवर आहे हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

काकूनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला म्हणाली, "मी भादव्यातच सांगितलं हुतं, उपटून टाक म्हणून. कामून ऐकलं नाहीस?"

ह्या रोगाला आमच्याकडे सगळे वांझ म्हणतात. वांझ रोग, वांझ तूर. सरकारी पत्रकातही तोच शब्द. इंग्रजीत हिरवा प्लेग अशा अर्थाचं एक नाव आहे, कारण झाड मरत नाही, हिरवं राहतं, फक्त फुलत नाही. पानावर फिक्या-गडद हिरव्याची नक्षी येते. दीड महिन्याच्या आत झाडाला तो लागला तर पुढे शेंग जवळजवळ धरतच नाही. उशिरा लागला तर एखाद-दुसरी फांदी तशी राहते आणि बाकीचं झाड फुलतं.

आणि ह्यात तुरीचा काडीचा दोष नसतो. हा विषाणू आहे, आणि तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो एक कोळी. मिरचीवरच्यापेक्षाही वेगळ्या घराण्यातला, गाजरासारखा लांबोडका, आठांच्या कुळात जन्मून चारच पाय असलेला. नारळाच्या टोपीखाली तपकिरी भेगाळलेले डाग दिसतात ना, ते करणारा कोळी ह्याच घराण्यातला. १९९८ मध्ये तो केरळात आढळला आणि मग सगळीकडे पसरला. तुरीवरचा मात्र असा काही डागही पाडत नाही, जाळीही करत नाही. उडता येत नाही, तर वाऱ्यावर बसून जातो. बिहारमधल्या पुसा इथं ह्या रोगाची पहिली नोंद झाली १९३१ साली. कोळी तो पसरवतो हे कळायला १९६० चं दशक उजाडलं. आणि खुद्द विषाणू हाती लागला तो २००० च्या सुमारास, हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅटमध्ये. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना खरा आरोपी शोधायला सत्तर वर्षं लागली. मधल्या सत्तर वर्षांत आपण झाडालाच वांझ म्हणत होतो.

मराठवाड्यात तूर पेरणारा प्रत्येक माणूस 'बीएसएमआर ७३६' आणि '८५३' ही नावं घेतो. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेले वाण आहेत ते. भावाला विचारलं, ह्या अक्षरांचा अर्थ काय? त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बी म्हणजे बदनापूर, एसएम हे ह्याच रोगाचं इंग्रजी नाव, आणि आर म्हणजे त्याला दाद न देणारा. रोगाचं नाव बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं, आपण ते वर्षानुवर्षं मंत्रासारखं म्हणतो, आणि तोच रोग शेतात उभा राहिल्यावर त्याला टॉनिक पाजतो. बदनापूरच्या त्या लोकांची नावं मला ठाऊक नाहीत, पण लातूरच्या डाळ मिलमधून निघालेली डाळ जो जो खातो त्यानं त्यांना एकदा मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

भावानं त्या वर्षी दुसरंच बियाणं घेतलं होतं. लवकर येतं म्हणून.

आता माझं मत. औषध विकणारा आणि रोग ओळखणारा माणूस एकच असू नये. डॉक्टरनं स्वतःचंच मेडिकल चालवावं आणि पेशंटला न बघता गोळ्या द्याव्यात, असं चाललंय. दुकानदार सगळे लबाड असतात असं मी म्हणत नाही, त्यातले कित्येक उधारीवर गाव जगवतात हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण ज्याच्या फळीवर बाटल्या आहेत त्याला 'ह्याला काही मारू नका, उपटून टाका' असं सांगणं परवडत नाही. काकूला परवडलं. आणि तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती काकू. कृषी सहायकाला गावात आणून शेत दाखवा, विद्यापीठात पान घेऊन जा, पण निदान पान उलटं करून बघा. पंचवीस-तीस रुपयांच्या भिंगानं जे समजतं त्यासाठी माझा भाऊ सलाईनवर गेला.

काकूचं ऐकलं गेलं नाही ह्याला आणखी एक कारण आहे, आणि ते लिहू की नको असं मी चार दिवस करत होते. लिहितेच.

काकूला मूल नाही. तुम्हा घरच्यांना माहीतच आहे. आम्ही सगळी भावंडं तिच्या मांडीवर वाढलो, पण कुणाच्या डोहाळजेवणाला ती पुढे आली नाही. स्वयंपाकघरात पुरणाचा घाणा उपसत राहायची. ओटी भरायच्या वेळी तिला हाक कुणी मारली नाही आणि तिनंही कधी वाट पाहिली नाही. तिला तो शब्द तोंडावर कुणी म्हटलं का, मला ठाऊक नाही. पाठीमागे म्हटलेला मी ऐकलाय, आणि माझ्या आजीच्याच तोंडून. तिला अंगारे झाले, उपास झाले, सोलापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे दोनदा नेलं. काकाला कुणीही, कधीही, कुठेही तपासायला नेलं नाही. काका देवमाणूस होता, त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. कुणी पान उलटं करून बघितलं नाही, एवढंच.

काकू त्या तुरीला कधी वांझ म्हणत नाही. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. फोनवरही ती भावाला म्हणाली, 'राहिलेली तूर'. राहिलेली. भांगलताना तशी झाडं दिसली की ती गुपचूप उपटून बांधाबाहेर टाकायची, कुणाला दाखवायची नाही. आम्हाला वाटायचं तण काढतेय.

कोळ्याचं सगळं मी तिला सांगितलं. वाऱ्यावर येतो, दिसत नाही, झाडात आजार सोडतो, बियाण्यातून मात्र तो जात नाही, त्या झाडाच्या शेजारी चांगलं झाड असेल तर त्याचं बी चांगलंच असतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे तुरीकडून काईच नव्हतं."

"नाही ना काकू."

"हं."

मग मला पुढचंही सांगावं लागलं, आणि ते मला जड गेलं. हा कोळी आणि तो विषाणू उन्हाळा काढतात ते शेतात हिरव्या राहिलेल्या जुन्या तुरीवर. खोडव्यावर, बांधावर आपोआप उगवलेल्या झाडांवर. पावसाळ्यात नवी तूर उगवली की वाऱ्यानं तिच्यावर जातात. आमच्या विहिरीच्या कडेला तुरीची तीन झाडं आहेत. ती काकूनं राखलीत. उन्हाळ्यात विहिरीच्या ओलीवर हिरवी राहतात, आम्ही मुलं सुट्टीला गेलो की सोल्याची आमटी करता यावी म्हणून. आता आमची मुलं जातात. भावाचा जो पट्टा गेला तो त्याच विहिरीच्या खालचा.

तिनं वाद घातला नाही. फक्त विचारलं की तिन्ही की एखादं ठेवलं तर चालेल. मी म्हटलं, तिन्ही.

डोळे तपासून झाल्यावर भाऊ तिला न्यायला आला. अजून अशक्त होता, गाडी त्याच्या मित्रानं चालवली. जाताना काकू गच्चीवर जाऊन सात कुंड्या बघून आली आणि भिंग पिशवीत टाकून घेऊन गेली. पाडव्याला फोन झाला तेव्हा म्हणाली की झाडं काढली, जाळली, आणि त्या जागी शेवगा लावलाय. शेवग्यावर काय काय बारीक चालतंय म्हणे, ते पाठवते फोटो काढून, बघून सांग.

फोटो आलेत. काहीच दिसत नाहीये त्यात, नुसतं काकूचं बोट. उद्या वजिराबादेत जाऊन दुसरं भिंग आणायला हवं.